सायबरपंक २०७७: आठ महिने आणि दोनशे तासांनंतर

दिवाळीच्या सेलमध्ये सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम आणि त्याचं जोडकथानक फँटम लिबर्टी एकदमच घेतलं. तेव्हापासून आठ महिन्यांत तीनदा पहिल्यापासून खेळून झालं, दोनशे तास कधीच उलटले. गोळीबार, गाड्या, ग्राफिक्स यांवर ढिगाने लिहिलं गेलंय. मी एवढंच सांगते की सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटनंतर कौशल्यांची मांडणी नव्याने झाली आणि पोलीस आता खरोखर मागे लागतात. मला लिहायचंय ते वेगळंच. गेममधल्या नाइट सिटी या शहरात राज्य नक्की कोणाचं, हे मला तिसऱ्या फेरीत कुठे उमगलं. पुढे कथा फुटणार आहे, चालणार नसेल तर इथेच थांबा.

आमच्या घरात 'कंपनी' हा मायेचा शब्द. बाबा चौतीस वर्षं पिंपरीला कंपनीत होते. कंपनीची बस, कंपनीचं कँटीन, दिवाळीचा बोनस. म्हणून पहिल्या फेरीत मीही 'कॉर्पो', म्हणजे कंपनीतली नोकरदार, हे पात्र निवडलं. सुरुवातच अरासाका या बलाढ्य जपानी कंपनीच्या इमारतीतल्या वॉशरूममध्ये, बेसिनवर ओकणाऱ्या व्हीपासून, म्हणजे आपल्याच पात्रापासून. वर साहेबाच्या केबिनमध्ये गेलं की जेन्किन्स कामात असतो. युरोपियन अंतराळ परिषदेचं मतदान कंपनीच्या विरोधात जाणार असतं, तर तो तिथल्या सदस्यांनाच संपवायचा हुकूम देतो. लोक जागच्या जागी कोसळतात. लगेच व्हीला पुढचं काम: आपल्याच वरच्या बाईंचा काटा काढायचा. सरकारी लोक मारणं आणि ऑफिसातलं राजकारण, दोन्ही एकाच बैठकीत, एकाच आवाजात. इथे गेमने मला पकडलं.

दुसरा प्रसंग बाबांनीच पाहिला. रात्री पाणी प्यायला उठले होते. बर्फाच्या टबातून एका बाईला उचलून बाल्कनीत आणायचं असतं. ट्रॉमा टीम या खासगी वैद्यकीय कंपनीचं उडतं वाहन उतरतं, बंदुका आपल्यावर रोखल्या जातात, तिला उचलून ते निघूनही जातात. तिच्याकडे प्लॅटिनम सदस्यत्व आहे ना! बाबा म्हणाले, "अगं, हे मेडिक्लेमचे लोक का?" मी हो म्हटलं. "आणि कार्ड नसतं तर?" त्याचं उत्तर नाइट सिटीच्या फुटपाथवर ठिकठिकाणी पडलेलं असतं.

आता मुद्द्याचं. नाइट सिटी हे स्वतंत्र शहर, नव्या अमेरिकी सरकारच्या हाताबाहेरचं. २०६९-७०च्या एकीकरण युद्धात सरकारी फौज जवळ आली, तेव्हा लुशिअस राइन नावाच्या नगरसेवकाने अरासाकाला हाक मारली. कंपनीची अजस्र युद्धनौका उपसागरात येऊन उभी राहिली. युद्ध थांबलं, शहर 'स्वतंत्र' राहिलं, राइन पुढे महापौर झाला. आणि गेमच्या कथेतल्या २०२३च्या अणुस्फोटानंतर हाकलून दिलेली अरासाका पुन्हा शहराच्या मध्यावर मनोरा घेऊन बसली.

हे शार्डमधून (गेममध्ये जागोजागी सापडणाऱ्या, वाचायच्या चिपा), बातम्यांमधून तुकड्यातुकड्याने कळतं, आणि मला तर सरळ वसईचा तह आठवला. हडपसरला होळकरांकडून मार खाऊन पळालेला दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ला इंग्रजांशी तह करतो. सहा पलटणींची तैनाती फौज पदरी, तिच्या खर्चापायी सव्वीस लाखांचा मुलूख इंग्रजांच्या पदरात. गादी परत मिळाली खरी, पण पुढची चौदा-पंधरा वर्षं इंग्रज रेसिडेंटला विचारल्याशिवाय पुण्यात पान हलेना. 'कंपनी सरकार' असं एका दमात म्हणणाऱ्या आपल्या लोकांना नाइट सिटी समजावून सांगावी लागू नये. कंपनी तट फोडून आत येत नाही, तिला पालखी पाठवून बोलावलेलं असतं.

दुसऱ्या बाजूचं सरकार तरी सरकार आहे का? फँटम लिबर्टीत राष्ट्राध्यक्ष रोझलिंड मायर्सचं विमान नाइट सिटीच्या डॉगटाउन या भागात पाडलं जातं आणि आपण त्यांना वाचवतो. पडक्या इमारतीत, सगळं अंगावर आलेलं असताना, त्या आपल्याला देशनिष्ठेची शपथ घ्यायला सांगतात. पहिल्या वेळी मी भारावून घेतली. मग लक्षात आलं, ह्याच बाई आधी मिलिटेकच्या प्रमुख होत्या, म्हणजे अरासाकाच्या कट्टर वैऱ्याच्या. खुर्ची बदलली, हिशोबाची वही तीच. त्यांच्याच युद्धात लढलेला गुप्तहेर सॉलोमन रीड सात वर्षं वाऱ्यावर सोडलेला, आणि सो मी या त्यांच्या हॅकरला त्यांनी ब्लॅकवॉलपलीकडे (मोकाट एआयना अडवणारी नेटमधली भिंत) हात घालायला लावून पोखरून टाकलेलं. दुसऱ्या फेरीत शपथ नाकारली, कथा तरीही पुढे जाते.

तक्रार इथेच आहे. एवढं मांडून ठेवतात, पण आपल्या हाताने काहीच हलत नाही. राष्ट्राध्यक्षांना वाचवून परत शहराच्या वॉटसन भागात या, मिलिटेकचे शिपाई पूर्वीसारख्याच गोळ्या घालतात. जेफरसन पेरालेझ महापौरपदासाठी उभा, त्याच्या घरात छुपी खोली सापडते, कोणीतरी त्याच्या डोक्यातल्या आठवणीच बदलतंय. कोण, ते कळत नाही. बायको म्हणते त्याला सांगू नकोस. मी दहा मिनिटं गेम थांबवून बसले होते. इतकं अंगावर येणारं काही दुसऱ्या गेममध्ये मला मिळालेलं नाही, पण ज्या निवडणुकीसाठी हे सगळं, ते मतदान आपल्या डोळ्यांदेखत होतच नाही.

गंमत म्हणजे गेमचा स्वतःचा इतिहासही याच धाटणीचा. १० डिसेंबर २०२०ला आला, जुन्या कन्सोलवर धड चालेना, आणि आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२१च्या जूनमध्ये परत घेतला. पोलंडच्या ग्राहक संरक्षण खात्यानेही सीडी प्रोजेक्टकडे, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीकडे, खुलासा मागितला, पण तोवर दुकानदाराने आपला निकाल देऊन टाकला होता.

शेवटांपैकी अरासाकाच्या मालकाची मुलगी हानाको अरासाका हिची साथ धरणारा शेवट एकदा तरी बघाच. अंतराळातल्या दवाखान्यात व्ही दिवसेंदिवस चाचण्या देते, हातात रंगीत ठोकळ्याचं कोडं, जमता जमत नाही. मग करार समोर येतो: मन कंपनीकडे जमा. सही करायची की नाही, एवढंच विचारतात. मी केली नाही, मैत्रिणीने केली, आणि त्यावरून आमचं महिनाभर वाजलं.

घेणार असाल तर: फँटम लिबर्टी पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर चालत नाही, आधी बघून घ्या. पहिली फेरी कॉर्पो म्हणूनच खेळा. शार्ड दिसला की न वाचता खिशात टाकू नका, निम्मी कथा त्यातच आहे.