मांजराच्या पिल्लांची दूध पाजायची किट: तीन स्टार, का ते वाचा

होळी जवळ आली की नागपुरात काय करतात ते सांगायला नको, कूलर काढायचा, जुनं गवत फेकायचं, नवीन भरायचं. मी गच्चीवर कूलरची जाळी उघडली तर जुन्या गवतात तीन पिल्लं, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, बघून आधी उंदीरच वाटले. आई येईल म्हणून हात न लावता संध्याकाळपर्यंत थांबलो (तसंच करायचं असतं, मांजर काही तास बाहेर राहूच शकते), पण मग चौकीदार म्हणाला ती सकाळीच गाडीखाली गेली. झालं. धरमपेठेतल्या एका पेट शॉपमधून ही किट आणली, साडेतीनशे रुपये, एक बाटली, पाच निपल, एक ब्रश. पिल्लांच्या दुधाच्या पावडरचा डबा वेगळा घ्यावा लागतो आणि तो महाग आहे.

पहिली तक्रार, निपलला भोकच नाही! पिल्लू जीव तोडून चोखतंय आणि पोटात काहीच जात नाही, मला वाटलं पावडरच्या गाठी झाल्या म्हणून दोनदा गाळून घेतलं. दुकानात फोन केला तर आरामात उत्तर, "अहो सर, सुई गरम करून पाडून घ्या ना." अरे मग खोक्यावर एक ओळ छापा ना बापा. तर ऐका, भोक पाडून बाटली उलटी धरायची, थेंब थेंब पडलं पाहिजे, धार लागली तर तो निपल बाद.

दुसरी तक्रार जास्त सिरियस आहे. खोक्यावर फोटोत पिल्लू माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंय. मी तसंच धरलं आणि दूध नाकातून बाहेर आलं. डॉक्टर मॅडम अशा ओरडल्या की काय सांगू, पिल्लू पालथंच ठेवायचं, मान किंचित वर, जसं ते आईच्या पोटाशी पितं तसं, नाहीतर दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. एक पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. ते पहिल्यापासूनच लहान होतं, तरी तो फोटो मला माफ होत नाही.

पावडर मात्र चांगली आहे. गाईचं दूध देऊ नका, त्यात प्रोटीन तीन-साडेतीन टक्के असतं आणि मांजरीच्या दुधात त्याच्या दुप्पट, शिवाय जुलाब लागतात ते वेगळंच. किचनच्या काट्यावर रोज वजन केलं, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ म्हणजे ठीक चाललंय.

पण किट घेताना वाटतं बाटली आली म्हणजे आई आली, तसं काहीच नसतं. पिल्लाला पहिले काही आठवडे स्वतःहून शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते, म्हणून दर वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खाली पुसायचं, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अंग गार असेल तर पाजायचंच नाही, आधी ऊब, कारण त्यांना स्वतःला गरम ठेवता येत नाही आणि गार पोटात दूध पचत नाही. आमची आई बघून म्हणे, "गावाकडं बकरीचं पिल्लू तासाभरात उभं राहते अन् थानाले लागते, हे काहून असं सरपटते रे?" तिचं बरोबर आहे, कळपात राहणाऱ्याला लगेच पळावं लागतं, मांजराचं पिल्लू लपून राहतं म्हणून अर्धवट जन्मलं तरी चालतं.

पिल्लं ठेवायला खोका आधी संत्र्याचा घेतला होता, घरात तोच होता. दोघं कोपऱ्यात तोंड खुपसून नुसती ओरडत, मग कळलं मांजरांना तो वास नको असतो, आणि आंधळ्या-बहिऱ्या वयात त्यांचं सगळं नाकावरच चालतं, आईच्या पोटावर तर प्रत्येक पिल्लू दोन-तीन दिवसांत आपलं ठरलेलं थान वासावरून धरतं. खोका बदलला, आईच्या जुन्या लुगड्यात गरम पाण्याची बाटली गुंडाळून ठेवली तर दोघं तिला पंजांनी मळत मळत झोपली. दूध साडेतीनशेच्या बाटलीत, प्रेम लुगड्यावर. हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1958 साली माकडांच्या पिल्लांचं हेच लिहिलं होतं, दूध देणारी तारेची आई सोडून ती मऊ कापडाच्या आईला बिलगून राहायची.

दहाव्या दिवशी डोळे उघडले, निळे. तीन आठवड्यांनी रेतीच्या ट्रेमध्ये उकरणं सुरू. दोघं आहेत हे नशीबच, कारण एकानं जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ सोडून जातं, असंच चावायचं किती ते शिकतात, एकट्या पिल्लाला हे शिकवायला माझा हातच उरला असता. घरी माणसांची ये-जा असू द्या, दोन ते सात आठवड्यांत जी सवय लागते ती टिकते.

एक स्टार निपलसाठी कापला, एक फोटोसाठी. आणि चौथ्या आठवड्यात दात आले की निपल चावून तुकडा गिळायची भीती असते, आमचे दोन निपल असेच गेले. सुटे निपल दुकानात मिळत नाहीत, पूर्ण किटच नवीन घ्या म्हणतात.