वाचून दाखवणारं पेन : एक वर्ष, एक बिघाड आणि ‘दऱ्यासारंग’

पेन बंद पडलं ते गणपतीच्या चार दिवस आधी आणि घरी परत आलं ते दसरा उलटल्यावर. म्हणून हा रिव्ह्यू इतका उशिरा आणि इतका चिडून. स्क्रीन किती इंचाची, बॅटरी किती तास, ब्लूटूथ कुठलं, हे सगळं खोक्यावर छापलंय आणि युट्यूबवर पोरं खोकी उघडून दाखवतातच. ओळीवरून फिरवायचं, ते मोठ्याने वाचतं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

हे मी फोनला बोलून सांगतेय. टाइप तो करतो, शेवटी नवरा एकदा नजर टाकतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर त्याला धरा.

मी मालवणात पेंटर आहे. बाबांचं दुकान होतं, ते मी चालवते. होड्यांची नावं आणि नंबर, दुकानांच्या पाट्या, दशावतारी मंडळांचे पेटारे, हल्ली होमस्टेवाल्यांचे मेनूबोर्ड. फ्लेक्सने पाट्या खाल्ल्या, पण खाऱ्या पाण्यात फ्लेक्स टिकत नाही, म्हणून होड्यांवर घर चालतं. आणि मला वाचायला जमत नाही. म्हणजे अक्षरं येतात, शब्दही येतात, पण पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं सांडून जातं. भ आणि म, घ आणि ध जागा बदलतात. शाळेत मला ‘ढ’ म्हणायचे. ब्राह्मीपासून ‘ढ’ फारसा बदलला नाही म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ढ म्हणतात, असं बाबा सांगायचे. मला ते अक्षर रंगवायला फार आवडतं, एका दमात ब्रश फिरतो.

चाळिशीला येईपर्यंत मी ढच होते. मग मुलगी चौथीत अडखळायला लागली, तिला कोल्हापूरला तपासायला नेलं. मॅडमनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास? मी वर्गात करतात तसा हात वर केला. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो हे तेव्हा कळलं. हा शब्द रुडॉल्फ बर्लिन नावाच्या एका जर्मन डॉक्टरने १८८७ साली वापरात आणला. डॉक्टर डोळ्यांचा होता, पण दोष डोळ्यांत नसतो. आवाज आणि अक्षर यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात आता याची नोंद आहे. मुलीला परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. मला छडी मिळायची.

पेन घेतलं ते तिच्यासाठी. ११,४०० रुपये. एका होडीची दोन्ही अंगं रंगवायचे मी १,८०० घेते, म्हणजे सहा होड्या आणि वर थोडा रंग. तिने ते शाळेत एकदा नेलं, पोरं हसली, पुन्हा दप्तरात गेलं नाही. एवढे पैसे कपाटात पडून राहणं मला सोसवेना, म्हणून मी वापरायला घेतलं. खरं कारण हेच. पुढचं सगळं नंतर झालं.

पहिले चार महिने माझं मत असं होतं की फसलो. यादीत मराठी नव्हती, हिंदीवर ठेवून वाचून घ्यायचं. आवाज बाईचा, बहुतेक दिल्लीकडचा. कोळंबी म्हणताना तिच्या तोंडात ‘ळ’चं काय व्हायचं ते लिहून दाखवता येत नाही. त्यात भाच्याने दाखवलं की फोनचा कॅमेरा कागदावर धरला तर तोही मराठी वाचून दाखवतो, फुकट. त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही. पेन पसंत त्याने केलं होतं.

फेब्रुवारीत अपडेटमध्ये मराठी आली आणि मत बदलायला लागलं. वाचनालयातून एक दिवाळी अंक आणला (दिवाळी होऊन साडेतीन महिने झाले होते, मागणी नव्हती), रात्री कानात इअरफोन घालून ओळीवर पेन ठेवलं. तेव्हा फोन आणि पेन यातला फरक कळला. फोन अख्खं पान एकदम घशाखाली घालतो आणि घडाघडा बोलत सुटतो, शिवाय मध्येच कोणाचा तरी मेसेज येतो. पेनला मी नेईन तीच ओळ आणि तेवढाच वेग. लहानपणी आई ओळीखाली बोट धरायची तसं ते बोट आहे, फक्त वैतागत नाही. एक कथा, नऊ पानं, दोन रात्री. शेवटी काय झालं ते मी नवऱ्याला सांगितलं, त्याने नाही मला. असं पहिल्यांदाच झालं. त्याच्याशी बोलणं अर्थात आधीच सुरू केलं होतं.

कामात उपयोग काय, हे सगळे विचारतात. होडीवर शून्य. वीतभर उंचीच्या अक्षरावर हे पेन फिरवणं म्हणजे मुंगीला पाटी वाचायला देणं. पण होडीवर मला मदत लागतही नाही. अक्षर माझ्यासाठी चित्र आहे. समोरचा शब्द वाचतो, मला ‘ट’चं पोट दोन सूत जास्त सुटलेलं दिसतं. आणि एक गंमत. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. नाळेच्या डाव्या अंगाला नाव नाळेपासून सुरू होतं, उजव्या अंगाला नाळेपाशी संपतं. तिथे सुरुवातीपासून लिहीत गेलं तर शेवटची अक्षरं चेंगरतात, म्हणून बाबा शेवटचं अक्षर आधी काढून मागे मागे यायचे. इतरांना ते अवघड जातं, मला तेच सोपं. कारण पहिली वेलांटी. ‘पि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि बोलताना ‘प’ आधी म्हणायचा, यावर माझी अख्खी दुसरी इयत्ता गेली. उलट लिहिताना ‘प’ आधी येतो, वेलांटी नंतर, जसं तोंडातून निघतं तसं. उजव्या अंगाला माझी कधी चूक झालेली नाही.

पेनचा खरा उपयोग कागदांना. रंगाच्या डब्यावरच्या सूचना (डबा गोल असल्याने चार वेळा फिरवावं लागतं), बँकेची पत्रं, बिलं, आणि गिऱ्हाईकाने दिलेला मजकूर. हाताने लिहिलेलं ते वाचत नाही. म्हणून मी नियमच केला, नाव छापून आणा. पूर्वी चिठ्ठी आली की नवऱ्याला किंवा शेजारच्या मेडिकलवाल्या काकांना दाखवायचे, “एकदा बघा ना” म्हणत. वीस वर्षं हे “बघा ना” केलंय. पेन आल्यावर बंद केलं. काकांनी एकदा विचारलंसुद्धा, हल्ली येत नाहीस ती? त्या विचारण्यावर मी महिनाभर खूश होते.

आता मूळ तक्रार.

जुलैचा शेवटचा आठवडा. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, त्याआधी पावसाने उघडीप दिली की सगळ्यांना होडी आजच रंगवून हवी असते. दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका तांडेलांचा (होडीच्या म्होरक्यांचा) मुलगा सायबरमधून नाव छापून घेऊन आला. मी पेन फिरवलं, बाई म्हणाली, “दर्यासारंग.” छान नाव. खडूने आखणी केली, होडीवरचं झावळ्यांचं झाप सारून आत वाकून, पिवळ्यावर लाल आणि काळी शेड, दीड दिवस. चिठ्ठीवर जसं होतं तसंच, काना-मात्रेसह.

तांडेल आले, दोन पावलं मागे गेले, म्हणाले, “गो बाय, ह्यां काय लिवलंस? आमची होडी दर्यात जातली काय दरीत?”

चिठ्ठीवर ‘दऱ्यासारंग’ होतं. सायबरवाल्याने टाइप करताना रफाराऐवजी तो आडवा ‘र’ घातला होता. दर्या म्हणजे समुद्र, रफार डोक्यावर. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, तिथे ‘र’ आडवा होऊन ‘य’ला चिकटतो. बोलताना ‘दर्या’च्या ‘द’वर जोर येतो, ‘दऱ्या’च्या येत नाही. कोकणातल्या लहान पोराला कानाने कळतं. पेनमधल्या बाईला नाही. ती दोन्ही एकसारखं वाचते. तिच्या हिंदीत हा आडवा ‘र’ नाहीच, आणि मराठी शिकवताना तो कोणाच्या लक्षात आला नसावा.

तुम्ही म्हणाल, ११,४०० च्या पेनमध्ये एका जोडाक्षराचा एवढा बाऊ? हो. ळ सुधारला, अनुस्वार बरे झाले, पण प्रत्येक अपडेटनंतर मी एक कागद घेऊन बसते. त्यावर चार शब्द छापलेत : दर्या, दऱ्या, आचार्यांना, आचाऱ्यांना. आजवर सहा अपडेट झाले. आचार्य अजून स्वयंपाकघरातून बाहेर आलेले नाहीत. कंपनीला तीनदा कळवलं, तिन्ही वेळा ‘तुमचा अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं, जे पेनने अगदी स्पष्ट वाचून दाखवलं. शिवाय ‘डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट’ चालू करायचं बटण दिलंय, ते फक्त रोमन अक्षरांना चालतं. मराठीला ‘अक्षरांत अंतर वाढवा’ अशी सोय आहे. इटली-फ्रान्सच्या मुलांना सुटी सुटी अक्षरं वाचायला सोपी गेली असं २०१२ सालचं संशोधन आहे, ते मला पटतं, पाटीवर मीही अंतर राखते. पण यांनी अंतर वाढवलं की शिरोरेषाच तुटते. दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखा शब्द दिसतो. मी पाटीवर अक्षरं लांब नेते तेव्हा वरची रेघही ओढून नेते. हे पाचवी पास पेंटरलाही कळतं.

चूक माझीही होती, तेही सांगते. ती चिठ्ठी काकांना दाखवली असती तर त्यांनी चष्मा न लावता सांगितलं असतं.

ऑगस्ट संपता संपता पेन चार्जच होईना. चार्जिंगच्या पिनेवर हिरवट थर. मालवणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, लोखंडी कड्या दोन वर्षांत खपल्या टाकतात, पिन काय टिकणार. कस्टमर केअरला फोन केला. मुलगी म्हणाली, मॅम, सीरियल नंबर सांगा. तो पेनच्या पोटावर, तीळभर अक्षरांत, सोळा आकडे-अक्षरं मिसळून. बी की आठ, शून्य की ओ. तीनदा वाचला, तीनदा ‘हा नंबर सिस्टममध्ये नाही’. मी म्हटलं, अगं बाई, मला डिस्लेक्सिया आहे, म्हणूनच तर हे पेन घेतलंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “ओके मॅम. सीरियल नंबर सांगा.”

शेवटी मुलीने फोटो काढून, मोठा करून, एकेक अक्षर मला सांगितलं आणि मी फोनवर म्हटलं. दोघी ढ मिळून पास झालो.

पेन कुरिअरने गेलं. आठवड्याने निरोप : आतलं ओलाव्याचं निशाण गुलाबी झालंय, म्हणजे पाण्यात पडलं, वॉरंटी नाही, २,८५० रुपये. मी म्हटलं, पाण्यात पडलेलं नाही, हवेत पडलं होतं. ते म्हणाले, अटी वाचा. अटी बारा पानं, इंग्रजीत, आणि वाचून दाखवणारं पेन त्यांच्याकडे. मग ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला, तक्रार नोंदवली. तिथल्या माणसाने मला एकही गोष्ट वाचायला सांगितली नाही, बोललेलं ऐकून घेतलं. त्यानंतर कंपनीचा स्वतःहून फोन आला. निम्म्यावर मिटलं, १,४२५. तत्त्वाने मला एक रुपयाही द्यायचा नव्हता, पण दिवाळी अंक यायची वेळ झाली होती.

घ्यावं का? कोकणात राहत असाल तर सोबत हवाबंद डबा आणि सिलिकाच्या पुड्या घ्या, चार्जिंगच्या तोंडाला रबरी बूच लावा, आणि वॉरंटीत ‘ओलावा’ हा शब्द कुठे आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्या. मुलांसाठी घेणार असाल तर आधी मुलाला विचारा, आम्ही विचारलं नव्हतं. कामाच्या कागदांसाठी फुकटचा फोन पुरतो. रात्री अंथरुणात गोष्ट वाचायची असेल तर मला दुसरं काही सापडलेलं नाही, म्हणून पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा त्या आडव्या ‘र’साठी राखून ठेवलाय.

पेन दुरुस्तीला गेलं तेव्हा काकांकडे पुन्हा चिठ्ठ्या न्यायला लागले, आणि आल्यावरही नेते. ते काही विचारत नाहीत, फक्त गोळ्यांचं पाकीट बाजूला सारून हात पुढे करतात.

होडीचं सांगायचं राहिलं. पाऊस थांबल्यावर फुकट दुरुस्त करून देते असं मी तांडेलांना कबूल केलं होतं. गेल्या आठवड्यात ब्रश आणि लाल डबा घेऊन दांडीवर गेले. ते जाळं विणत बसले होते, मान वर न करता म्हणाले, “रवांदे तसांच गो. ह्या वर्सा बांगडो बरो गावलो.” डब्याचं झाकण मी उघडलं होतं, ते पुन्हा ठोकून बसवलं.