वन-पीस की टू-पीस, आमच्या बाबांचं काय झालं

बाबांना इलिओस्टॉमी झाली (लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढतात, शौच तिथून पिशवीत जमा होते) तेव्हा आधी वन-पीस पिशवी आणली, कातडीला चिकटणारी चकती नि पिशवी एकत्रच, पातळ असते म्हणून सदऱ्याखाली फुगत नाही, पण बदलायची म्हणजे सगळंच सोलून काढा, आणि इंदूरच्या मे महिन्यात घामाने कडा सुटून कातडी लालभडक. आता टू-पीस, चकती नि पिशवी वेगवेगळी. चकती ३ दिवस तशीच, पिशवी फक्त टक् करून बदलायची. जाड वाटते खरी, महागही पडते, तरी मी हीच घेईन. चकतीचं भोक दोन्हीत स्टोमापेक्षा (पोटावरचं ते आतड्याचं तोंड) २-३ मिमीच मोठं कापायचं, पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची.

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस दिसला की बाबा अजून थबकतात, पण मका अडकू शकतो ना, म्हणून नुसती शिकंजी!