‘लिहिता येत नाही, समजून घ्या’

स्कॉटलंडमध्ये जुना बॅगपाइप (पिशवीतल्या हवेवर वाजणारं नळ्यांचं वाद्य) घेणार असाल, तर विक्रेत्याचं एक वाक्य कान टवकारून ऐका: ‘माउंट कशाचे आहेत ते जाहिरातीत लिहिता येत नाही, समजून घ्या.’ माउंट म्हणजे नळ्यांच्या टोकांवरच्या कड्या; त्या हस्तिदंताच्या आहेत, असा हा इशारा. एवढ्यावर एकाने माझ्याकडून २,४०० पौंड उकळले.

ही थाप पचते, कारण तिच्यामागची अडचण खरी आहे. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू झाला. वाद्य १९७५ पूर्वीचं आणि त्यात हस्तिदंत २० टक्क्यांहून कमी असेल तर सूट मिळते, पण विकण्याआधी नोंदणी हवी. ती नसेल तर विकणाऱ्याबरोबर घेणाराही अडकतो. ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर तर हस्तिदंताला मुळातच बंदी. म्हणून इशाऱ्यांची भाषा.

मी नोंदणी मागितली. लगेच फोटो आला, क्रमांकासकट. माउंट दुधाळ-पिवळट, बारीक रेघांचे. चँटरवर, म्हणजे बोटांनी सूर वाजवायच्या नळीवर, ग्लासगोच्या जुन्या नामांकित कारागिराचा शिक्का. (चँटरवर शिक्का आहे म्हणून ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, त्याही त्याच्याच, असं मुळीच नसतं.) ‘वेबसाइटचं कमिशन वाचवू’ म्हणत पैसे थेट खात्यावर घेतले.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने एक माउंट उतरवून कड भिंगाखाली धरली. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसते. इथे सगळ्या रेघा समांतर, रेघी कापडासारख्या. मग त्याने माउंट अंगठ्याने खसाखसा घासून माझ्या नाकाशी आणला. कापूर! आरतीच्या तबकातला वास ग्लासगोच्या वर्कशॉपमध्ये. म्हणजे सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक; त्यात कापूर घालतातच. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

विक्रेत्याला फोन केला. ‘हस्तिदंत म्हणून मी कुठे लिहिलंय? आणि तो फोटो नमुना म्हणून पाठवला होता.’ कागद दुसऱ्याच वाद्याचा होता. तोंडी बोलणं, थेट भरलेले पैसे. तक्रारीला धरायला धागाच ठेवला नव्हता पठ्ठ्याने.

राग सेल्युलॉइडवर नाही. जुने चांगले कारागीरही ते वापरत, आज रेझिनचे माउंट सर्रास बसवतात. आवाज ठरतो नळीच्या आतल्या पोकळीवर आणि रीडवर, म्हणजे आत थरथरणाऱ्या पातीवर. माउंट लाकडाच्या टोकांना धक्क्यापासून जपतात आणि शोभा देतात. सेल्युलॉइड सांगून रास्त भाव लावला असता तरी मी घेतला असता. उलट हस्तिदंत खरं निघतं, तर ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचे परवाने काढल्याशिवाय सुट्टीत पुण्याला नेणंही जमलं नसतं.

नोंदणीतले फोटो आणि समोरचं वाद्य शेजारी ठेवून ताडा. माउंट कशाचे आहेत ते पावतीवर लिहून घ्या. जमल्यास एखादा माउंट जाणकाराकडून उतरवून बघा. त्याला विक्रेता का-कू करू लागला, तर पैसे खिशातच राहू द्या.