लाल यादी की लिव्हिंग प्लॅनेट इंडेक्स?
जैवविविधतेची घट सांगताना ही दोन मापं हमखास पुढे येतात. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी १९६४ पासूनची. एखादी प्रजाती नामशेष होण्याच्या किती जवळ आहे, हे ती सांगते. माळढोकासाठी लढायचं तर हीच यादी हाताशी हवी.

पण तिला जाग उशिरा येते. पांढऱ्या पाठीचं गिधाड त्यात 'अतिसंकटग्रस्त' ठरलं २००० साली. तोवर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने थव्यांचे थवे संपले होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली त्यांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घसरली.

इंडेक्स नेमकी ही घसरण पकडतो, कारण तो संख्येचा कल मोजतो. १९७० ते २०२० मध्ये सरासरी ७३ टक्के घट, असं तो म्हणतो. याचा अर्थ ७३ टक्के प्राणी मेले असा नाही, तरी बातम्यांत सर्रास तसंच छापतात! ही नोंद ठेवलेल्या समूहांमधल्या घटीची सरासरी आहे, तीही फक्त पृष्ठवंशीयांची. कीटक, वनस्पती त्यात नाहीतच.

धोक्याची घंटा म्हणून मी इंडेक्स निवडेन; कोणाला आधी वाचवायचं हे ठरवताना मात्र लाल यादीच.