मांद्रे की काणकोण: घर बघायला शनिवारी जा

दलाल घर दाखवतो ते मंगळवारी सकाळी अकरा वाजता. रस्ता मोकळा, माडांची सावली, विहिरीच्या कठड्यावर झोपलेलं मांजर. तुम्ही तिथल्या तिथे मनात पडदे लावायला लागता. पण सुटीचं घर घेणारा माणूस राहणार शनिवार-रविवारी, आणि गोव्यातल्या किनाऱ्यावरचं गाव शनिवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. हे शहाणपण मला भाडं भरून आलं, म्हणून लिहितो आहे.

आम्ही फोंड्याचे. नोकरी संपत आली तेव्हा समुद्राजवळ लहानसं घर घ्यायचं ठरवलं. चिऱ्याचं, कौलारू, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायला कट्टे असलेली ओसरी, असलं तर उत्तम. मुलगी-जावई पुण्याहून अधूनमधून येतील हा हिशेब. कांदोळी-कळंगुट विचारातसुद्धा नव्हतं. शेवटी उरले दोन तालुके, गोव्याची दोन टोकं: उत्तरेला पेडणे, दक्षिणेला काणकोण. घेण्याआधी दोन्हीकडे भाड्यानं राहिलो. एक हंगाम पेडण्यातल्या मांद्र्यात, ऑक्टोबर ते मे. पुढच्या वर्षी काणकोणातल्या पाटणे गावी, तेही पावसाळ्यासकट.

कागदावर मांद्रे जिंकतं, हे आधीच कबूल करतो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे आणि तो पेडण्यातच आहे. मुंबईची वंदे भारत थिवीला थांबते. हिचं माहेर बांद्याचं, हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली की पाऊण तासात भावाच्या दारात. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल अशी किनाऱ्यांची रांगच आहे, रोज संध्याकाळी वेगळीकडे चालायला जावं. हरमलला सूर्य बुडताना ढोल घेऊन बसणारी मंडळी असतात. पहिल्या दिवशी मला ते थोतांड वाटलं होतं, चौथ्या दिवशी मीच मांडीवर ठेका धरला.

आणि मराठी माणसाला पेडण्यात जे मिळतं ते काणकोणात नाही. बोली मालवणीला खेटून, जत्रेला दशावतार. रात्री अकराला रंगपूजा आणि पहाटे संकासुराच्या आठवणी काढत घरी, हे सुख पैशात मोजता येत नाही. काणकोणातही देवळात मराठी नाटकं होतात, पण दशावताराची चटक लागलेल्याला ते उपासाला साबुदाण्यासारखं वाटतं. हिचं मत तेव्हाही मांद्र्याच्या बाजूनं होतं, आजही आहे.

मग माशी कुठे शिंकली? तुम्हाला वाटेल संगीत. आश्व्याच्या बाजूनं रात्री येणारी ती धडधड, खिडकीची काच थरथरवणारी. ती होतीच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हा नियम देशभर २००० सालापासून आहे, पण वाऱ्याला तो कोणी वाचून दाखवलेला नाही. तरी सांगतो, संगीताची सवय झाली. मोठ्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला ट्रकची होते तशी.

सवय झाली नाही ती रिव्हर्सची.

आमचं भाड्याचं घर वाड्यातल्या एका गल्लीच्या वळणावर होतं. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकानं कुंपणाला टेकावं. मोबाईलमधला नकाशा मात्र तिला किनाऱ्याचा रस्ता समजायचा. शुक्रवार संध्याकाळपासून भाड्याच्या गाड्या सुरू. काळी पाटी, पिवळे आकडे, आत दमलेलं कुटुंब, पुढे बायको नकाशा वाचते आहे, मागे कोणी उलटी होईल म्हणतं आहे. आमच्या घरापुढे गल्ली संपते, हे त्यांना आमच्या घरापुढे आल्यावर कळायचं. मग पहिला गियर, मग ब्रेक, मग ते रिव्हर्सचं टीं-टीं-टीं. पहिल्या महिन्यात मी हौसेनं बाहेर जाऊन हात दाखवायचो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे तोडा." नाताळपर्यंत माझं शनिवारचं जेवण तीन हप्त्यांत व्हायला लागलं. आमटी गरम करायची, दोन घास खायचे, टीं-टीं ऐकू आलं की उठायचं. उठलो नाही तर तुळशीवृंदावनाचा कोपरा जायचा, आणि तो एकदा गेलाच. गाडीवाला बिचारा खाली उतरून पाया पडला, वृंदावनाच्या की माझ्या ते कळलं नाही. जानेवारीत 'रस्ता बंद' अशी पाटी लिहून टांगली. ती वाचायला गाड्या आणखी पुढे यायच्या.

यात गावाचा दोष काही नाही. मांद्र्यातले वाडे मुख्य रस्ता आणि समुद्र यांच्या मध्ये वसलेले, बैलगाडीच्या मापाच्या वाटांचे. पाहुणा किनाऱ्यावर जातो तो लोकांच्या अंगणांमधूनच. घर मुख्य रस्त्याला लागून किंवा देवळाच्या वरच्या अंगाला मिळालं तर कदाचित हा त्रास तुम्हाला होणारही नाही. आम्हाला तसं मिळालं नाही.

काणकोणची ठेवण वेगळी. बाजार, बँक, मासळी, मामलेदार कचेरी सगळं चावडी या मुख्य गावात, समुद्रापासून आत. २०१९ मध्ये बगल रस्ता झाला आणि कारवारकडे जाणारी अवजड वाहनं परस्पर तळपण, गालजीबाग पुलांवरून जायला लागली. पाळोळ्याला शनिवारी गर्दी होते, खोटं कशाला बोला. कारवारच्या, हुबळीच्या गाड्यांनी किनाऱ्यालगतची जागा भरून जाते. पण ती गर्दी बहुतेक किनाऱ्याच्या तोंडाशीच राहते. शनिवारच्या रात्री तिथे हेडफोन घालून नाचायची पद्धत पडली आहे. दहाच्या नियमावर काढलेला तोडगा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसून पोट दुखलं. दोनेकशे माणसं वाळूवर उड्या मारतात आणि आवाज फक्त पावलांचा. नंतर वाटलं, शेजारी असावेत तर असे.

शांततेचा पुरावा म्हणून मी कासवांचं नाव घेत असे. आगोंद आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, म्हणजे बघा किती निवांत. मग जावयानं लक्षात आणून दिलं की ती मोरजी-मांद्र्यालाही येतात. तेव्हा कासवांना या वादातून वगळलं आहे. मिरच्यांनाही, काणकोणातल्या खोला गावच्या आणि पेडण्यातल्या हरमलच्या, दोन्ही मिरच्यांना जीआय मानांकन आहे आणि दोन्ही आमच्या फडताळात आहेत.

आता काणकोणचं खरं दुखणं. मडगावहून चावडी अडतीसेक किलोमीटर, पण मधे करमल घाट. अरुंद, वळणांचा, दोन्हीकडे रान. मोपा म्हणजे शंभरच्या पुढे. काणकोणला रेल्वे स्थानक आहे, गाड्या मोजक्याच थांबतात. जुलैत एका रात्री हिला ताप चढला, मडगावला न्यायला निघालो तर घाटात झाड आडवं पडलेलं. कोयते घेऊन माणसं येईपर्यंत तासभर गाडीत बसून होतो, काचेवर पाऊस आणि हिचं कपाळ तापलेलं. त्या तासात मी मांद्र्याची गल्ली, गाड्या, टीं-टीं सगळं माफ केलं होतं. घरात कोणाला हृदयाचं किंवा डायलिसिसचं असेल तर माझं पुढचं काही ऐकू नका, पेडण्यातच बघा. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ तरी हाताशी राहतं.

दुसरं, जून ते सप्टेंबर काणकोणचा किनारा मिटलेला असतो. पाळोळे-पाटण्याच्या लाकडी झोपड्या पावसाआधी उतरवतात, वाळूवर नुसते खुंट. जून-जुलैत मासेमारी बंदी, म्हणून बाजारात खाडीचं आणि सुकं. सुटीला वर्दळ, हॉटेलं, दिवे हवे असतील तर चार महिने कंटाळाल. आम्हाला ते महिने सगळ्यात आवडले. चावडीच्या बाजारात रविवारी सकाळी मासळीवाली मला "भाटकारा" (जमीनदारा) म्हणायची थांबली आणि नुसतं "किदें जाय?" (काय हवं?) विचारायला लागली, ते ऑगस्टात.

कागदपत्रांचं दोन्हीकडे सारखंच, म्हणून थोडक्यात. सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) बघा, झोन (जागा कोणत्या वापरासाठी ठरवली आहे ते) बघा, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव आहे का बघा, आणि विकणाऱ्याच्या बायकोची सही घ्याच; गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नानंतर मालमत्तेत सहसा तिचाही वाटा असतो. फ्लॅट घेणार असाल तर बांधकामाचे परवाने वकिलाकडून तपासून घ्या. जानेवारी २०१४ मध्ये चावडीत काम चालू असलेली इमारत कोसळून कितीतरी मजूर गेले; तिथली माणसं अजून त्या जागेवरून जाताना आवाज खाली आणतात. भावाचं म्हणाल तर पेडण्यात दलाल आधी मोपाचं नाव घेतो आणि मग आकडा सांगतो. काणकोणात आधी चहा सांगतो. आकडा मागाहून येतो, पण तुलनेनं सोसवतो. निदान आम्ही बघत होतो तेव्हा सोसवला.

ज्यांना मुंबई-पुण्याहून शुक्रवारी उतरून रविवारी परत जायचं आहे, त्यांनी मांद्रे घेतलं तर मी चूक म्हणणार नाही. त्यांचा अर्धा शनिवार करमल घाटात जायला नको. महिन्यातले दहा-पंधरा दिवस राहायचं असेल, तर मात्र एकदा पाटण्याच्या मागच्या वाटांवरून, चावडीच्या बाजूनं फिरून या. शनिवारीच. संध्याकाळी सहाला फाटकात खुर्ची टाकून बसायची परवानगी मागा आणि गाड्या मोजा. दलाल हसेल, हसू दे.

आम्ही पाटण्याला घेतलं. बाल्कांव नाही मिळालं, विहीर मिळाली. इतक्या दिवसांत आमच्या गल्लीत रिव्हर्स घेणारी गाडी एकच आली, ती बांद्याहून मेहुण्याची. तीन तास गाडी चालवून आला होता, फाटकाचा खांब पाडलान, आणि वर हिला म्हणाला, "ताई, मांद्रा किती जवळ होता गो!"