साडेसहाशे रुपये लिटरचं ‘रेस फ्युएल’ निघालं पंपावरचं साधं पेट्रोल

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. बोअरिंग, होनिंग, हेड घासणं यात तीस वर्षं गेली. दुसऱ्यांची फुटलेली इंजिनं मी रोज बघतो, आणि तरीही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी फसवणूक माझीच झाली. हा अनुभव मी दोन वर्षं कुणाला सांगितला नव्हता. आता त्याच नकली ‘रेस फ्युएल’चे, म्हणजे शर्यतीच्या गाड्यांचं म्हणून विकलेल्या इंधनाचे, कॅन आमच्या भागातल्या पोरांना विकले जाताहेत असं कळलं, म्हणून सगळं लिहितोय.

माझ्याकडे एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो हॅचबॅक आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका ट्यूनरकडून तिचा रिमॅप करून घेतला, म्हणजे ताकद वाढावी म्हणून इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग (मॅप) बदलून घेतली. ‘स्टेज टू’ म्हणाला, पस्तीस हजार घेतले. गाडी परत न्यायला गेलो तेव्हा म्हणाला, “दादा, या मॅपला साधं पेट्रोल चालणार नाही. प्रत्येक टाकीला ही बाटली टाकायची.” ती बाटली म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा वाढवणारं ऑक्टेन बूस्टर, अठराशे रुपयांना एक. वर मोठ्या अक्षरांत ‘३० पॉईंट’. “साधं पेट्रोल ९१ असतं, त्यात हे ३० मिळवा,” असं त्याने तोंडाने सांगितलं. मी सहा बाटल्या घेतल्या.

फसवणूक इथूनच सुरू झाली होती. बूस्टरच्या बाटलीवरचा ‘पॉईंट’ म्हणजे बहुतेक वेळा ऑक्टेनच्या एका अंकाचा दहावा भाग. म्हणजे तीस पॉईंटचे झाले तीन अंक. पेट्रोल ९१ वरून फार तर ९४ वर जाईल, तेही बाटलीवर दिलेलं प्रमाण तंतोतंत पाळलं तर. १२१ वगैरे काही होत नाही. त्याच पुण्यात डिसेंबर २०२० पासून इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० पंपावर मिळत होतं, तेव्हा लिटरला १६० रुपयांच्या घरात. ते आणि साधं पेट्रोल निम्मं निम्मं घातलं असतं तरी बाटलीपेक्षा जास्त मिळालं असतं, आणि पंपाची पावतीही हातात आली असती. त्याने हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑक्टेन म्हणजे ताकद असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात तो आकडा एवढंच सांगतो की दाबाखाली पेट्रोल किती वेळ आपणहून न पेटता तग धरतं. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य धरून, खास एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनावर तुलना करून तो काढतात. असं इंजिन रिफायनरीत किंवा मोठ्या प्रयोगशाळेत असतं, गॅरेजमध्ये नसतं. म्हणून “आमच्याकडे चेक केलंय, १०५ आलंय” असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कुठे चेक केलं? मी तो विचारला नाही.

जास्त ऑक्टेनचा फायदा मिळतो तो ट्यूनर स्पार्क लवकर द्यायला लावतो आणि टर्बोचा दाब वाढवतो म्हणून. इंधन त्या दर्जाचं नसेल, तर ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण एकदम फुटतं. त्यालाच आपण नॉक म्हणतो. कंपनीच्या सेटिंगमध्ये नॉक सेन्सर ते ऐकतो आणि स्पार्क मागे घेतो, त्यामुळे एखाद्या वेळी हलकं पेट्रोल भरलं तरी इंजिन वाचतं. माझ्या गाडीत त्या ट्यूनरने ही मर्यादाच सैल करून ठेवली होती. हे मला फार उशिरा समजलं.

जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला, जायचं ठरलं. ट्यूनरला फोन केला, तर तो म्हणाला, “ट्रॅकवर बूस्टर विसरा. तिथं रेस फ्युएलच पाहिजे.” साडेसहाशे रुपये लिटर. विमानाचं पेट्रोल मिसळलेलं, १०५ ऑक्टेन, अल्कोहोल अजिबात नाही. वीस लिटरचे दोन निळे प्लॅस्टिक कॅन, वर छापील स्टिकर. बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, बिल नाही. सव्वीस हजार रुपये त्याच्या खाजगी नंबरवर जीपे केले.

पुढची गोष्ट लिहायला जड जातंय. ते चाळीस लिटर डिकीत ठेवून मी बंगळूरमार्गे कोइमतूरला गेलो. मागच्या सीटवर माझा चौदा वर्षांचा मुलगा रात्रभर झोपला होता. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे परवान्याशिवाय बाळगलेलं पेट्रोल घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्याच भांड्यात ठेवावं लागतं. प्लॅस्टिकला त्यात जागाच नाही. पेट्रोलच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. विकणाऱ्याला ते माहीत असणारच. एका ठिणगीने काय झालं असतं, ते आजही रात्री डोळ्यांपुढे येतं.

करीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल दिला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. ऐकला आणि ओळखलाही. पाय उचलेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. पिटमध्ये आलो तेव्हा गाडी थरथरत होती आणि मागून निळा धूर येत होता. गाडी ट्रकवर घालून कोल्हापूरला आणली.

आमच्या मिस्त्रींनी प्लग काढले आणि काही न बोलता माझ्या हातात दिले. तिन्ही प्लगच्या टोकांवर विटेच्या रंगाचा थर होता. असा लाल थर लोखंड किंवा मँगनीज असलेल्या बूस्टरमुळे बसतो. लोखंडाचा थर तर वीजही वाहून नेतो, त्यामुळे ठिणगी नीट पडत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. पहिल्या दोन सिलिंडरना एकशे सत्तर पाउंडाच्या आसपास, तिसऱ्याला सत्तर. हेड खोलून पिस्टन बाहेर काढले तर तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून तिचे तुकडे बोअरमध्ये ओरखडे ओढून गेले होते. नॉकने पिस्टन मरतो तो असाच. गिऱ्हाइकांचे असे पिस्टन मी कितीदा बघितलेत.

एक कॅन अजून सीलबंद होता. तो उघडला तेव्हा आमच्याकडे यंत्रांना रंग मारणारे काका शेजारीच उभे होते. ते लगेच म्हणाले, “अहो शेठ, हा तर थिनरचा वास.” मग काचेच्या भांड्यात थोडं घेऊन उजेडात धरून म्हणाले, “आणि हे निळं कुठाय? हिरवट आहे.” खरंच होतं. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल स्वच्छ निळं असतं. पंपावरच्या पेट्रोलला मुळातच पिवळसर-केशरी झाक असते, त्यात निळा रंग घातला की हिरवट दिसणारच. आणि समजा ते खरोखर विमानाचं असतं, तरी त्यात शिसं असतं. शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही जातात. रस्त्यावरच्या गाडीला ते मुळात द्यायचंच नसतं. म्हणजे तो जे सांगून विकत होता, ते खरं असतं तरी माझं नुकसान ठरलेलंच होतं.

मग दोन मोजपात्रं आणली, शंभर मिलीची. एकात पन्नास मिली पाणी आणि पन्नास मिली त्या कॅनमधलं. दुसऱ्यात पन्नास मिली पाणी आणि उद्यमनगरच्या पंपावरून पाच मिनिटांपूर्वी आणलेलं साधं पेट्रोल पन्नास मिली. हलवून ठेवून दिली. पेट्रोलमधलं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, पाण्यात उतरतं, म्हणून खालचा पाण्याचा थर वाढतो. पंपाच्या पेट्रोलखाली पाणी पंचावन्नवर थांबलं, म्हणजे दहा टक्के अल्कोहोल. तेव्हा पंपावर साधारण तेवढंच मिसळलेलं असायचं. कॅनमधल्याखालीही पाणी पंचावन्नवरच थांबलं. त्या कॅनच्या स्टिकरवर मराठीत आणि इंग्रजीत ‘अल्कोहोलविरहित’ छापलेलं होतं. हायड्रोमीटर घालून घनता बघितली, तर दोन्हींत तिसऱ्या दशांश स्थळापुरताच फरक. साधं पेट्रोल, रंग, वासापुरतं थिनर आणि बहुधा त्याच्याच बाटलीतला बूस्टर. तेव्हा आमच्याकडे पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या आसपास होतं.

ट्यूनरला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्ही कॅन उघडा ठेवला असेल. मग म्हणाला, ड्रायव्हिंग चुकलं. शेवटी म्हणाला, “दादा, तुम्हाला एक कॅन फुकट देतो, विषय वाढवू नका.” दुसऱ्या एका ट्यूनरकडून मॅप वाचून घेतला, तेव्हा नॉकची मर्यादा सैल केल्याचं लेखी मिळालं. इंजिन बांधायला एक लाख ऐंशी हजार गेले, मजुरी माझीच असताना. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर वकील म्हणाले, बिल कुठंय? पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेलेत, कशासाठी गेले हे कुठंच लिहिलेलं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. मी कागद जमवत बसलो आणि ती मुदतही हातची गेली.

खरं रेस फ्युएल असतं आणि ते वाईट नसतं. ते सीलबंद धातूच्या ड्रममध्ये येतं, त्यावर बॅच नंबर असतो, सोबत ऑक्टेन, घनता आणि ऑक्सिजनचं प्रमाण लिहिलेला कागद असतो, आणि मॅप त्या विशिष्ट इंधनासाठीच लिहावा लागतो. सुटं, कॅनमध्ये ओतून दिलेलं काहीही घेऊ नका. जो ट्यूनर मॅपही विकतो आणि त्याला लागणारं इंधनही स्वतःच विकतो, त्याच्याकडे गाडी देण्याआधी दुसऱ्या माणसाचं मत घ्या. आणि गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल, तर आपल्या गावच्या पंपावर जे मिळतं त्यालाच मॅप करून मागा. माझी गाडी आता कंपनीच्याच सेटिंगवर आहे.

मागच्या आठवड्यात इचलकरंजीचा एक मुलगा दुकानात आला. लूमवर काम करतो, वय बावीस. बाइकसाठी वीस लिटर घेतलंय म्हणाला, तेरा हजारांना, दोन हप्त्यांत. कॅन निळाच होता, स्टिकर तोच. मी मोजपात्र काढलं, पाणी ओतलं, त्यालाच हलवायला दिलं. पंपावर हल्ली जास्त इथेनॉल असतं, त्यामुळे या वेळी पाणी साठवर जाऊन थांबलं. स्टिकरवरचं ‘अल्कोहोलविरहित’ त्याने दोनदा वाचलं. दुसरा हप्ता अजून द्यायचा होता, तो देऊ नकोस म्हणून सांगितलं आणि पहिल्या हप्त्याचा स्क्रीनशॉट, कॅनचे फोटो, फोनवरचे मेसेज सगळं एका फाइलमध्ये घालून त्याच्यासोबत वकिलांकडे गेलो.